सौनाच्या पायरीवरची पुंगळी

१

वॉर्ड ट्रेव्हॅरो मेला तो शनिवारी, तळ्याकाठच्या आपल्या सौनात. आमच्याकडे शनिवारी दुपारनंतर वाफेच्या न्हाणीत बसत नाही असा माणूस एकतर आजारी असतो किंवा नवखा. वॉर्ड मूळचा कॉर्निश, म्हणजे इंग्रज खाणकामगारांच्या घरातला, पण फिनिश शेजाऱ्यांत आयुष्य काढून पक्का सौनावाला झाला होता. कॉफीला हाक मारायला त्याची बायको ग्लेना गेली, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि वॉर्ड बाकावरून खाली पडला होता. गोळी छातीतून आरपार जाऊन भट्टीवरच्या दगडांवर आपटली होती आणि चपटी झाली होती. ती कुठल्या मापाची, हे सांगायला प्रयोगशाळेला बरेच आठवडे लागणार होते.

आवाज कुणी ऐकला नव्हता, म्हणजे ऐकला सगळ्यांनी होता. हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. केल्डन गावाभोवतालच्या रानात सकाळपासून ठोठो चाललेली. त्यात एक आवाज जास्त झाला तर कोण लक्ष देतो?

पायरीवर मात्र काडतुसाची एक पितळी पुंगळी पडली होती. शेरीफच्या कचेरीतल्या डेप्युटी नॉर्डग्रेनने ती चिमट्याने उचलली, बुडावरचं माप वाचलं, मग खिशातून मोजपट्टी काढून लांबी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाइनो रुओनाच्या घरी गेला आणि त्याला नाश्त्यावरून उठवून घेऊन गेला.

वाइनो माझा जिवलग मित्र. आम्ही दोघं खाणीत एका पाळीला होतो. माझं नाव एन्सियो राउतिओ. केल्डनच्या नेमबाजी क्लबात मैदानावर शिस्त ठेवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे दिवसभर लोकांवर ओरडायचं.

नॉर्डग्रेन वाइनोकडेच का गेला, हे सांगायला हवं. त्या वर्षांत मकारोव नावाची रशियन पिस्तुलं आमच्याकडे स्वस्तात आली. पिस्तुलं उदंड, काडतुसांची मात्र बोंब. जी मिळत ती लोखंडी पुंगळीची, एकदा उडवली की फेकून द्यायची. वाइनोने उपाय काढला. साध्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची पितळी पुंगळी मकारोवच्या पुंगळीपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लांब असते. तेवढं तोंड करवतीने उडवायचं, कडा घासायची, पुंगळी साच्यातून दाबून काढायची, बुडातली ठोकलेली टिकली काढून नवी बसवायची, दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. झालं मकारोवचं काडतूस. बुडावर कारखान्याने ठोकलेलं जुनं माप तेवढं तसंच राहतं.

आता पायरीवरच्या पुंगळीच्या बुडावर नऊ मिलिमीटरचं माप होतं आणि लांबी एक मिलिमीटर कमी होती. अशा पुंगळ्या अख्ख्या तालुक्यात एकच माणूस बनवतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

वर भांडण झालेलं. आदल्या वर्षी क्लाइड सुंदिनच्या हातात पिस्तूल फुटलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. वाइनो आपल्या काडतुसांचे डबे क्लबातल्या फळीवर ठेवायचा. ज्याला हवं त्याने न्यावं, पुंगळ्या तेवढ्या परत आणाव्यात, असा रिवाज होता. क्लाइडने डबा त्याच फळीवरून उचलला होता. वाइनो शपथेवर सांगत होता की काडतूस माझं नाही. गावाने ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही. क्लाइडने तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि आता क्लबाचा अध्यक्ष वॉर्डने फळ्यावर लिहिलं होतं की रविवारच्या सभेत घरी भरलेल्या काडतुसांबद्दल बोलायचं आहे.

वाइनोने ते वाचलं आणि सगळ्यांसमोर वॉर्डवर ओरडला, "माझ्यावर बंदी घालतोस? घाल! तुझ्या सौनात परत पाय ठेवणार नाही मी!"

वर्षानुवर्षं ते दोघं शनिवारी एकत्र बसत. त्या शनिवारी वॉर्ड एकटा होता.

मी नॉर्डग्रेनला गाठून म्हटलं, "अरे, वाइनोचे गुडघे गेलेत, तरी मैदानावर प्रत्येक पुंगळीसाठी तो वाकतो. पितळ जमिनीवर सोडून जाईल तो?"

"माणूस मारल्यावर गुडघे आठवत नाहीत कुणाला," नॉर्डग्रेन म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

२

राज्य पोलिसांकडून सार्जंट मर्ना कोवाक आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी बूट. आमच्या स्वयंपाकघरात त्या बसल्या, नॉर्डग्रेन दाराला टेकून उभा राहिला. मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला.

"मला बंदूक चालवता येते," बाई म्हणाल्या. "पण काडतूस कसं भरतात, ते मी कधी पाहिलेलं नाही. तुम्ही सांगा. मी मठ्ठ आहे असं समजून सांगा."

"ते समजायला वेळ लागणार नाही," मी म्हणालो. माझं डोकं फिरलेलं होतं. दोस्त कोठडीत आणि ही बाई पाव खातेय!

बाई हसल्या. "चांगलं आहे. रागावलेला माणूस खरं बोलतो. करा सुरुवात."

मी सांगत गेलो. त्या मधे मधे विचारत. आधी काय, मग काय. टिकली म्हणजे काय? मी म्हटलं, पुंगळीच्या बुडात बसवलेली छोटी वाटी, तिच्यावर पिस्तुलाची पिन आपटली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. उडालेल्या काडतुसाच्या टिकलीवर खळगा दिसतो. नुसता खळगा बघून कळतं, काडतूस उडालं की नाही.

"म्हणजे ही उडालेली आहे." त्यांनी पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली. आत ती पुंगळी.

मी भिंग आणलं. खरं सांगतो, ती वाइनोची नसावी असं मनात म्हणत होतो. पण तिच्या तोंडावरचा करवतीचा किंचित तिरका काप मी ओळखला. वाइनोचा डावा खांदा खाणीत निखळला होता, तेव्हापासून त्याचा काप तिरका येतो. नंतर तो घासून सारखा करतो.

"त्याचीच आहे," मी म्हणालो.

"बघा!" नॉर्डग्रेन म्हणाला.

मी पुंगळी उलटी करून टिकली पाहिली. परत पाहिली. मग पिशवी खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा पाहिली.

"बाई," मी म्हणालो, "या टिकलीवर जे पिस्तूल आपटलंय, ते वाइनोचं नाही. ते त्या दारात उभ्या असलेल्या साहेबांच्या कमरेला लटकतंय."

३

नॉर्डग्रेन असा काही उसळला की कॉफी सांडली. "म्हाताऱ्या, जीभ सांभाळ!"

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "एन्सियो, पुढे बोला."

मी बोललो. मकारोवची पिन गोल असते, तिचा खळगा गोल. शेरीफच्या लोकांना दोन वर्षांपूर्वी जी नवी नऊ मिलिमीटरची पिस्तुलं मिळाली, त्यांच्या पिनेचं टोक चपटं. टिकलीवर खूण उठते ती चौकोनी. गावात तसलं पिस्तूल दुसऱ्या कुणाकडे नाही.

"डेप्युटी, शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"हमरस्त्यावर! लाकडाच्या ट्रकने हरीण उडवलं होतं. निम्मा गाव उभा होता मांस कोण नेणार म्हणून भांडत!"

"मग तुम्ही मारलं नाही. बसा, पाव खा." बाईंनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "तुमची माणसं सराव कुठे करतात?"

उत्तर मीच दिलं. क्लबाच्या मैदानावर. त्यांच्या पुंगळ्या ते तिथेच टाकून जातात. सरकारी पितळ, त्यांना काय! त्या वेचतो वाइनो. त्याच तो मकारोवसाठी कापतो.

बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला आणि मी भिंग पुन्हा उचललं. कापलेली कड लखलखीत होती, तिच्यावर काजळीचा ठिपका नाही. आतल्या बाजूने पितळेची खरखर तशीच. अशा पुंगळीत गोळी दाबली तर गोळीचं सालपट निघेल.

"ही उडालीय फक्त मैदानावर, डेप्युटींच्या पिस्तुलातून, लांब होती तेव्हा," मी म्हणालो. "कापल्यावर उडालेलीच नाही. अर्धवट काम आहे हे. वाइनो आधी कापतो, टिकली मागाहून काढतो. टिकली आत असली की पितळेचा भुगा बुडाच्या भोकात शिरत नाही, म्हणून. ही कापून ठेवलेली होती. हिच्यात कधी दारूच भरली नाही, तर वॉर्ड मरणार कसा?"

नॉर्डग्रेनने पाव खाली ठेवला. त्याचं तोंड उतरलं होतं. तो वाईट माणूस नाही, उतावळा आहे.

"तर मग कुणीतरी ती आणून टाकली," बाई म्हणाल्या. "आणि आणून टाकावी लागली, कारण त्याच्या स्वतःच्या हत्याराने पुंगळी टाकलीच नाही. कुठलं हत्यार पुंगळी टाकत नाही?"

"रिव्हॉल्व्हर," नॉर्डग्रेन हळूच म्हणाला. "त्याची पुंगळी चक्रातच राहते. पण ते इथे घरोघरी आहे."

आम्ही वाइनोच्या शेडमध्ये गेलो. तिथला पसारा मला पाठ होता. दाराशी मैदानावरून आणलेल्या लांब पुंगळ्यांची बादली. टेबलावर केकचं पत्र्याचं ताट, त्यात त्या आठवड्यात कापलेल्या आखूड पुंगळ्या. बहुतेकांच्या टिकल्या वाइनोने काढून झाल्या होत्या, बुडाला नुसतं भोक. मूठभर तेवढ्या टिकलीसकट राहिल्या होत्या. शेजारी कॉफीचा डबा, त्यात मकारोवमधून खरोखर उडून परत आलेल्या काळवंडलेल्या पुंगळ्या.

वाइनोची बायको ऐली शाल गुंडाळून दारात आली. तिला हृदयाचा त्रास. नवऱ्याला नेल्यापासून ती जेवली नव्हती. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, या आठवड्याची कापाकापी सुरू झाल्यापासून शेडमध्ये कोण कोण आलं होतं?

"एन्सियो तर रोजच येतो," ऐली म्हणाली. "ग्लेना आली होती. दोघांचं भांडण मिटवायला मांस-बटाटा भरलेली पास्ती घेऊन आली बिचारी, वाइनोची वाट बघत इथेच बसली होती. आणि लायल बोड्री येऊन गेला, उसना नेलेला साचा परत द्यायला. बाकी कुणी नाही. मी खिडकीतच असते दिवसभर."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तिघंजण. एन्सियो, तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे?"

"आहे," मी म्हणालो.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला क्लबात बोलावलं. टेबलावर एक ताट, त्यात आखूड पुंगळ्यांची मिसळ.

"यातल्या उडालेल्या कुठल्या, ते वेगळं काढा."

मी बोटाने ढकलत गेलो. कड काळी असेल ती उडालेली. लखलखीत असेल ती नाही, मग टिकली असो वा नसो. मिनिटभराचं काम. मला घाम फुटला होता, हे कबूल करतो. निर्दोष माणसालाही पोलिसांपुढे अपराधी वाटतंच.

"आता मागच्या खोलीत बसा. दार किलकिलं ठेवा, पण खोकू नका."

मग ग्लेना आली. काळा कोट, डोळे सुजलेले. ताट पाहून ती म्हणाली, "बाई, मला यातलं काही कळत नाही. वॉर्डच्या खिशातून निघायच्या, मी कपडे धुताना शिव्या घालायचे." तरी तिने एक उचलली, बुडाच्या रिकाम्या भोकातून उजेडाकडे पाहिलं. "ही असेल. हिच्या आरपार गेलेलं दिसतंय काहीतरी."

मागच्या खोलीत मला हसू आवरेना आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की डोळे भरले.

"वॉर्ड सभेत काय बोलणार होते?" बाईंनी विचारलं.

"मला नाव नाही सांगितलं. एवढंच म्हणाला, ज्याच्या काडतुसाने क्लाइडची बोटं गेली त्याच्याशी मी बोललोय, सभेत तो आपणहून उठून सांगेल, त्याला तेवढी संधी द्यायला हवी. मला वाटलं वाइनोच. म्हणून तर पास्ती घेऊन गेले."

"पण वाइनो म्हणतात, भांडणानंतर वॉर्ड त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ज्याच्याशी बोलले, तो दुसराच कुणी होता."

ग्लेनाने हातमोजे काढले. मग पर्स उघडून तिने लोणच्याची एक छोटी बरणी काढली. "हे त्याच्या गळाच्या पेटीत सापडलं. तुम्ही म्हणालात ना, काही वेगळं दिसलं तर आणा."

बरणीत मकारोवची काही काडतुसं होती, काही पकडीने उकललेली. वर वॉर्डच्या अक्षरात चिकटवलं होतं: क्लाइडच्या डब्यातली उरलेली.

तिला पाठवून बाईंनी मला बाहेर बोलावलं. मी एक पुंगळी हातात घेतली. काप आरशासारखा सपाट. वाइनोने सात जन्म घेतले तरी असा काप त्याच्या हातून यायचा नाही. हे यंत्राचं काम होतं. उकललेल्यांपैकी एकीत दारू दुप्पट होती.

"वॉर्डला कळलं होतं," मी म्हणालो. "वाइनो निर्दोष आहे, हे त्याला कळलं होतं! तेच तो सभेत सांगणार होता!"

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "बाहेर गाडी थांबलीय."

५

लायल बोड्री आत आला तो नेहमीच्या ऐटीत. उंच, देखणा, राज्यस्पर्धेत रिव्हॉल्व्हरचे तीन चषक मिळवलेला. त्याच्याकडे काडतुसं भरायचं मोठं यंत्र. दांडा ओढला की एका बाजूला पुंगळी शिरते आणि दुसरीकडून काडतूस पडतं. वाइनोच्या करवतीला तो नेहमी हसायचा. "आजोबा, दात कोरताय की काडतूस करताय?" असं विचारायचा.

"वाइनोचं फार वाईट वाटतं," बसता बसता तो म्हणाला. "पण म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं."

"फिरतं खरं," बाई म्हणाल्या. "मला एक मदत करा. तुम्ही इथले उस्ताद. या ताटातल्या उडालेल्या पुंगळ्या कुठल्या?"

लायलने ताट जवळ ओढलं. बोटं भराभर चालली. टिकली असलेल्या सगळ्या एका बाजूला, भोकवाल्या दुसऱ्या बाजूला. मी परत मागच्या खोलीत जाऊन फटीतून बघत होतो. काळी कड आणि लखलखीत कड, दोन्ही त्याने एकाच ढिगात टाकल्या. कडेकडे त्याने पाहिलंच नाही.

"या उडालेल्या. त्या तयारीत आहेत," तो म्हणाला. "अगदी सोपं असतं. कुठलंही काम करायच्या आधी ठोकलेली टिकली काढायची. हा पहिला धडा. तेव्हा कापलेल्या पुंगळीत ठोकलेली टिकली दिसली, तर ती कापल्यानंतर उडालेली."

"सगळे असंच करतात?"

"ज्याला अक्कल आहे तो प्रत्येक जण."

"वाइनो तसं करत नाहीत," बाई म्हणाल्या. "ते आधी कापतात."

लायलचं बोट ताटावर थांबलं.

बाई शांतपणे बोलत राहिल्या, बाजाराची यादी वाचावी तशा. "वाइनोच्या शेडमध्ये तिघं गेले होते. ग्लेनांना आखूड आणि लांब यातला फरक कळत नाही. त्यांना दाराजवळच्या बादलीतली कुठलीही चालली असती. एन्सियोंना वाइनोची पद्धत ठाऊक आहे, त्यांनी शेजारच्या डब्यातली खरोखर उडालेली घेतली असती. पण नेणाऱ्याने ताटातल्या भोकवाल्या सगळ्या बाजूला सारून टिकलीची शोधून काढली. म्हणजे टिकलीला किंमत असते हे त्याला ठाऊक होतं. तो काडतुसं भरणारा होता, पण आधी टिकली काढणारा. ती टिकली मैदानावर डेप्युटींच्या पिस्तुलाने ठोकली होती, बोड्री. तुम्ही जी पुरावा म्हणून टाकलीत, ती पुंगळी कापल्यावर कधी उडालीच नव्हती."

"याने काय सिद्ध होतं?" लायल म्हणाला. पण ऐट गेली होती.

बाईंनी बरणी टेबलावर ठेवली. "हा काप तुमच्या यंत्राचा आहे का, ते आमची माणसं बघतील. तुमचं रिव्हॉल्व्हरही बघतील, आणि सौनाच्या दगडावरचं शिसंही. वाइनो तांब्याच्या कवचाची गोळी वापरतात, तुम्ही नुसत्या शिशाची ओतता. त्या चपट्या गोळीला तांबं नाही, एवढं मला काल फोनवर कळलंय. तुम्ही आत्ता काहीही बोललं पाहिजे असं नाही. वकील बोलवा हवा तर."

लायलने वाकून बरणीवरचं वॉर्डचं अक्षर वाचलं. मी दार ढकलून बाहेर आलो. कुणी मला अडवलं नाही.

"क्लाइडचं मी मुद्दाम नव्हतं केलं," लायल म्हणाला. बाईंना नव्हे, मला. "नुसतं करून बघत होतो, वाइनोचं काम यंत्रावर जमतं का. एक डबा भरला आणि फळीवर ठेवला. कुणाला कळणार नाही, आणि चांगली निघाली की सांगू, माझी आहेत म्हणून. मधेच दांडा अडकला होता, मी परत ओढला. त्यात एकीत दारू दोनदा पडली असणार."

"आणि वर्षभर तू वाइनोला शिव्या खाऊ दिल्यास," मी म्हणालो.

"मी राज्याचा विजेता आहे, एन्सियो. माझ्या हातून असं झालं म्हटल्यावर कुणी मला मैदानावर उभं केलं असतं? वॉर्ड म्हणाला, सभेत उठ आणि सांग, मी तुझ्या बाजूला उभा राहतो. तो ऐकेचना. मी शनिवारी शेवटचं विनवायला गेलो होतो."

"खिशात वाइनोची पुंगळी घेऊन?" बाईंनी विचारलं.

बाहेर थांबलेल्या नॉर्डग्रेनने आत येऊन लायलला बेड्या घातल्या. मला लायलचा संताप आला होता, पण त्याहून जास्त किळस आली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

६

वाइनोला सोडलं त्या दिवशी त्याला आणायला मीच गेलो. गाडीत बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, वॉर्ड सभेत काय बोलणार होता तेही.

"मग मला सांगितलं का नाही गाढवाने?" तो म्हणाला.

"तू बोलू दिलंस का त्याला?"

त्यावर वाइनो घरापाशी न थांबता ग्लेनाकडे ने म्हणाला. आत काय झालं, मला ठाऊक नाही. मी गाडीतच बसलो. बाहेर आला तेव्हा त्याची टोपी हातात चुरगळलेली होती.

रविवारी राहिलेली सभा झाली. वॉर्डची खुर्ची तशीच ठेवली होती. नॉर्डग्रेनने उठून सगळ्यांसमोर वाइनोची माफी मागितली, नीट मागितली. मग वाइनो उभा राहिला.

"मी आता काडतुसं करणार नाही," तो म्हणाला. "माझं नाव धुऊन निघालं, ते पुष्कळ झालं. पण वर्षभर तुम्ही सगळ्यांनी माझी काडतुसं उचलताना जे तोंड केलंत ना, ते मी पाहिलंय. परत बघायची ताकद नाही. फळी रिकामी करून घ्या."

कुणी मान वर केली नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून क्लाइड सुंदिन उठला. तो क्लबात वर्षभर आला नव्हता. सरळ फळीपाशी गेला, वाइनोचा शेवटचा उरलेला डबा तीन बोटांच्या उजव्या हाताने खाली काढला आणि वाइनोसमोर येऊन उभा राहिला.

"पिस्तूल दे तुझं," तो म्हणाला. "माझं फुटलं."

"क्लाइड, आधी मी एक झाडून दाखवतो."

"नको. कालपर्यंत मला वाटत होतं की तू माझा हात घेतलास. आता मला माझ्या हाताने बघू दे."

आम्ही सगळे कोट न घालताच मैदानावर गेलो. शिस्त ठेवायचं काम माझं, मी सगळ्यांना रेषेमागे उभं केलं. क्लाइडने आठ काडतुसं एक एक करून भरली. दोनदा पडली, त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पिस्तूल त्याने डाव्या हातात धरलं. पहिला बार काढताना त्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्याला ते उघडे होते.

आठही उडाली. नेम मात्र एकाचाही लागला नाही, कागद कोरा राहिला. क्लाइडने पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी मला पन्नास लागतील." वाइनो सगळ्यांदेखत रडत होता, लहान मुलासारखा, आणि रडत रडतच म्हणाला की पन्नास जमणार नाहीत, खांदा दुखतोय, तीस देईन.